सहसंबंध की कारण? जलपर्णी, प्लेग आणि पेंट शॉपचा दमा

जीवशास्त्रात दोन गोष्टी एकत्र वाढताना किंवा एकत्र घटताना दिसल्या, की त्यांच्यात सहसंबंध आहे असे म्हणतात. एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडते असे ठरत नाही. पहिलीमुळे दुसरी घडत असेल. उलट दुसरीमुळे पहिली घडत असेल. दोघींच्या मागे तिसरेच काही असेल. निव्वळ योगायोग असेल. किंवा माहिती ज्या पद्धतीने गोळा केली त्या पद्धतीनेच तो संबंध उभा केला असेल. संशोधकाचे निम्मे काम म्हणजे यांतल्या खोट्या शक्यता एकेक करून बाद करणे. ते न करता उपाय योजले, तर त्याची किंमत आजारी माणसे आणि त्यांचे घरचे मोजतात. पुणे आणि चिंचवडने ती १८९७ मध्ये मोजली आहे.

जलपर्णी आणि डास

पिंपरी-चिंचवडमध्ये रोज कानावर पडणारे उदाहरण जलपर्णीचे आहे. हिवाळा सरत आला की पवनेच्या पात्रावर, तसाच इंद्रायणीवरही, जलपर्णीचा हिरवा थर चढतो. त्याच दिवसांत काठच्या सोसायट्यांत संध्याकाळी दारे-खिडक्या उघडणे मुश्कील होते. जलपर्णी आली आणि डास आले, म्हणून जलपर्णीमुळे डास आले, असा निष्कर्ष निघतो. तो पूर्ण खोटा नाही, पण पुराही नाही.

दोघांनाही हवे असते ते एकच: सांडपाणी मिसळलेले संथ पाणी. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला की मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती झपाट्याने पसरते. क्युलेक्स जातीचे डास अशाच घाण, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. म्हणजे दोघांच्या मागे सांडपाणी हा तिसरा घटक आहे. शिवाय जलपर्णीचा स्वतःचाही वाटा असतो: तिच्या दाट थराने प्रवाह मंदावतो, अळ्यांना माशांपासून आडोसा मिळतो, आणि मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर पाणवनस्पतींच्या मुळांत श्वासनळी खुपसून प्राणवायू घेतात. एकाच सहसंबंधात दोन शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्यांतला कोणाचा वाटा किती हाच खरा प्रश्न असतो. जलपर्णी काढली पण नाल्यांचे पाणी तसेच नदीत येत राहिले, तर डास किती कमी होतील, हे त्या वाट्यावरच अवलंबून आहे.

डेंग्यूचे मात्र वेगळे. तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास नदीच्या घाण पाण्यात वाढत नाही. त्याला पिंप, कूलर, फुलझाडांच्या कुंडीखालची बशी, गॅरेजबाहेरचा टायर असे घरालगतचे साचलेले स्वच्छ पाणी लागते. त्याचा जोर पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता असतो. त्यामुळे नदी साफ केली म्हणजे डेंग्यू आटोक्यात येईल ही अपेक्षा चुकीच्या डासावर बेतलेली आहे. ‘डास’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या कारणसाखळ्या एकत्र बांधल्या गेल्या, की असे होते. म्हणून अभ्यास सुरू करताना मोजायचे नेमके काय, कोणत्या जातीचा डास, कोणता आजार, कोणता महिना, हे आधी ठरवावे.

जलपर्णीचा वाटा प्रत्यक्ष मोजायचा तर काय करावे? मार्चमध्ये जलपर्णी काढली आणि जूनअखेर डास कमी झाले, एवढ्यावर भागत नाही. पहिल्या मोठ्या पावसात पात्र वाहते होते. उरलीसुरली जलपर्णी जाते आणि अळ्याही वाहून जातात. जलपर्णीला हातही लावला नसता तरी हा फरक दिसला असता. खरी तुलना एकाच काळातली हवी. पात्राचे सारख्या लांबीचे, सारख्या प्रवाहाचे टप्पे आखावेत. कोणत्या टप्प्यातली जलपर्णी आधी काढायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. प्रत्येक टप्प्यात काढण्याआधी आणि काढल्यावर लांब दांड्याच्या ओगराळ्याने ठरावीक ठिकाणचे पाणी घेऊन अळ्या मोजाव्यात, जातीनिहाय वेगळ्या. मोजणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे माहीत नसेल तर उत्तम. सगळी जलपर्णी टप्प्याटप्प्यानेच निघते, तेव्हा या अभ्यासाला वेगळा खर्चही फारसा नाही. फक्त क्रम चिठ्ठीने ठरवण्याची शिस्त लागते.

गाठीची साथ

कारण सिद्ध कसे करतात याचा या भागाशी जोडलेला सर्वांत समृद्ध धडा प्लेगचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. रोगाचा जीवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा हे ठाऊक नव्हते. सहसंबंध मात्र पुष्कळ होते. प्लेग धान्याच्या वखारींजवळ सुरू झाला. दाट वस्तीत, अंधाऱ्या, ओल्या घरांत तो जास्त होता. एका घरात एक आजारी पडला की मागोमाग दुसरा पडे. यावरून घाण, जमीन, कपडे आणि रोग्याचा सहवास हीच कारणे धरली गेली.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. सैनिक घरोघर शिरून रोगी शोधू लागले. रोग्यांना इस्पितळात, नातलगांना विलगीकरण छावणीत हलवले जाई, सामान जाळले जाई, घरे जंतुनाशकाने धुतली जात. लोकांची जी विटंबना झाली तिच्यातून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. राजकीय इतिहासात हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याची वैज्ञानिक बाजू तेवढी सांगितली जात नाही: ज्या उपायांसाठी एवढा अत्याचार झाला, ते उपाय कारणावर नव्हे, सहसंबंधांवर बेतलेले होते. उन्हाळ्यात साथ ओसरली तेव्हा उपाय लागू पडले असे समजायला जागा होती. पण गाठीच्या प्लेगचा जोर ऋतूनुसार चढतो-उतरतो, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पुण्यात प्लेग पुन्हा उसळला. आधी आणि नंतर एवढीच तुलना किती फसवी असते याचा याहून कठोर दाखला मिळणे अवघड.

गावोगावच्या लोकांचे एक निरीक्षण मात्र अचूक होते. घरात उंदीर पडू लागले की माणसे पडायला वेळ लागत नाही, हे त्यांना कळले होते. म्हणून ती घर सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहत. घर सोडल्याने जीव वाचत हे खरेच होते. कारण मात्र घराच्या हवेत किंवा जमिनीत नव्हते.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक छोटा प्रयोग केला. काचेच्या बरणीत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. त्याच बरणीत, त्याला शिवता येणार नाही असा, निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगने मेला. आजारी उंदरावर पिसवा नसल्या की शेजारचा उंदीर ठणठणीत राही. हे उत्तर बरोबर होते, पण कितीतरी वर्षे ते मानले गेले नाही. एका माणसाचा, मोजक्या प्राण्यांवरचा प्रयोग पुरेसा वाटला नाही, आणि भारतात नेमलेल्या प्लेग आयोगानेही तो बाजूला सारला.

१९०५ पासून परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे जिला हाफकिन संस्था म्हणून ओळखले गेले तिथे, हा प्रश्न पद्धतशीरपणे सोडवण्यात आला. हे प्रयोग बारकाईने पाहण्यासारखे आहेत: कारण शोधण्याचे जवळजवळ सगळे व्याकरण त्यांत येते.

पहिले, एकच गोष्ट बदलायची. आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, पण पिसवा येऊ दिल्या नाहीत. रोग पसरला नाही. तीच व्यवस्था ठेवून पिसवा सोडल्या; रोग पसरला, आणि पिसवा जितक्या जास्त तितका जास्त पसरला. काढली की थांबते आणि परत घातली की सुरू होते, अशी दुहेरी कसोटी इथे लागली. आजच्या प्रयोगशाळेत एखादे जनुक निकामी करून पाहतात आणि मग तेच परत घालून बिघाड दुरुस्त होतो का ते पाहतात, त्यामागचा तर्क हाच.

दुसरे, संशयिताच्या स्वभावाला धरून अंदाज बांधायचा. उंदरावरची पिसू सुमारे ४ इंच उडी मारते. मग रोग झालेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून २ इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी प्लेगने मेले. २ फुटांवरचे वाचले. हवा दोघांना एकच होती. हवेतून रोग येत असता तर उंचीचा एवढा फरक पडला नसता. काही प्राण्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा ठेवला. पिसवा पट्ट्यावर अडकल्या आणि आतला प्राणी सुखरूप राहिला.

तिसरे, प्रतिस्पर्धी कारणांनाही तपासायचे. जमिनीचा संशय होता, म्हणून प्लेगचे जीवाणू मुद्दाम जमिनीवर ओतून पाहिले. शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची २४ तासांनंतर रोग देऊ शकेनाशी झाली. ज्या जमिनी खणल्या-धुतल्या गेल्या त्यांच्यावरचा मुख्य आरोप इथे गळून पडला. धान्याच्या वखारींचा संबंधही उलगडला: धान्य उंदरांना ओढते, उंदरांवर पिसवा असतात, उंदीर मेला की भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. वखार हा साखळीतला दूरचा दुवा होता. सहसंबंध खरा होता, त्याचा अर्थ चुकीचा लावला होता. पिसवेच्या पोटात जीवाणूंचा बोळा अडकतो आणि ती चावताना ते जखमेत ओकते, ही यंत्रणा १९१४ मध्ये दाखवली गेली. कारण सिद्ध व्हायला यंत्रणा कळेपर्यंत थांबावे लागले नाही, हेही ध्यानात घ्यावे. फुप्फुसाचा प्लेग मात्र माणसाकडून माणसाकडे थेट जातो. तेव्हा एका प्रकारात सिद्ध झालेले कारण दुसऱ्या प्रकाराला डोळे मिटून लावता येत नाही.

चिठ्ठी कशासाठी

प्लेगच्या याच साथीत, पुढे त्या प्रयोगशाळेला ज्यांचे नाव मिळाले त्या हाफकिन यांच्या प्लेगवरच्या लसीच्या चाचण्या झाल्या. जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीच्यांशी तुलना केली. टोचलेल्यांत मृत्यू कमी झाले. पण स्वतःहून पुढे येणारा कैदी आधीच अधिक धडधाकट असेल तर? पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात म्हणून कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक लस दिली. बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली, म्हणजे घर, अन्न, उंदीर सगळे दोन्ही गटांना सारखे राहिले. फरक तरीही टिकला.

एकाआड एकमध्ये पुढचा क्रम आधी कळतो, त्यामुळे कोणाला कुठे बसवायचे यात हात फिरवता येतो. त्यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठी. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत क्षयरोग्यांचे गट यादृच्छिक आकड्यांनी पाडले होते आणि पुढचा क्रम बंद पाकिटात होता. चिठ्ठीचा फायदा असा, की वय, उत्पन्न, खाणेपिणे हे ठाऊक असलेले घटक तर दोन्ही गटांत विभागले जातातच, पण जे कोणाला सुचलेलेही नाहीत तेही विभागले जातात. दुसरी कोणतीही पद्धत हे करू शकत नाही.

प्रयोग करता येत नाही तेव्हा

माणसाला मुद्दाम विषारी वाफेत उभे करता येत नाही. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांतले आरोग्याचे बहुतेक प्रश्न असेच आहेत, आणि तिथे तुलना कुठे शोधायची हे कळणे महत्त्वाचे.

वाहनांच्या पेंट शॉपमध्ये दोन घटक मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा होतो हे जगभर सिद्ध आहे. पण अमुक कामगाराचा दमा कामामुळे आहे की घराजवळच्या धुळीमुळे, हे कसे ठरवायचे? त्या कामगाराचीच तुलना त्याच्याशी करायची. पीक फ्लो मीटर हे हातात मावणारे साधे यंत्र आहे. उभे राहून, छाती भरून श्वास घेऊन एकदम जोराने फुंकायचे आणि काट्यावरचा आकडा लिहायचा. एका वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. दिवसातून निदान चार वेळा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही दिवशी, काही आठवडे. कामाच्या दिवसांत आकडा घसरत जातो, सुट्टीत सावरतो आणि परतल्यावर पुन्हा घसरतो, असे पुन्हा पुन्हा दिसले तर कामाकडे बोट दाखवणारा तो भक्कम पुरावा आहे. एका दिवसाची सुट्टी कधी अपुरी पडते, म्हणून गणपती-दिवाळीच्या लांब सुट्टीतल्या नोंदी फार मोलाच्या ठरतात. बऱ्याच जणांना त्रास शिफ्ट संपल्यावर, रात्री घरी सुरू होतो. अशा कामगाराला कामाचा संशयही येत नाही. नोंदवही नसेल तर डॉक्टरलाही येणार नाही.

याच कारखान्यांच्या वार्षिक तपासणीचे आकडे वाचताना एक सापळा असतो. कामगारांची प्रकृती शहरातल्या सर्वसाधारण माणसांपेक्षा चांगली दिसते, आणि त्यावरून काम निर्धोक आहे असे म्हटले जाते. मुळात कामावर घेतानाच तपासणी होऊन आजारी माणूस वगळला गेलेला असतो. ज्याला रंगाचा वास सोसत नाही तो काम सोडतो. कंत्राटी कामगार तर ठेका संपला की यादीतूनच जातो. तपासणीच्या दिवशी हजर असतात ते टिकलेले. म्हणून तुलना पेंट शॉप आणि त्याच कारखान्याच्या असेंब्ली लाइनमध्ये करावी, आणि सोडून गेलेल्यांचा पाठपुरावा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सोडून गेलेल्या कंत्राटी कामगारांची नोंद ठेवणे त्रासाचे आहे हे खरे, पण सर्वांत जास्त इजा झालेली माणसे त्यांच्यातच असण्याची शक्यता आहे.

साथीच्या तपासातही योग्य तुलनाच शोधावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गिया-बारे या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. पुढे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. सर्वाधिक जोर सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात होता, तरी पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतही रुग्ण होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. संशय पाण्यावर आला, चिकनवर आला, पनीरवरही आला. अशा वेळी ‘रुग्णांपैकी किती जणांनी चिकन खाल्ले होते’ हा आकडा एकटा निरुपयोगी असतो. त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, आजारी न पडलेल्या माणसांपैकी किती जणांनी खाल्ले होते, हा दुसरा आकडा शेजारी हवा. शौचात जीवाणू सापडला याचेही तसेच. आपल्याकडे मुलांत तो लक्षणांशिवायही सापडतो, म्हणून निरोगी माणसांचे नमुने तपासल्यावाचून त्याचे वजन कळत नाही.

तो जीवाणू हा आजार घडवू शकतो, याचा पुरावा मात्र अनेक बाजूंनी जमलेला आहे. जुलाब आधी येतात, एक ते तीन आठवड्यांनी हातपाय लुळे पडतात, क्रम जुळतो. जीवाणूच्या आवरणातली शर्करायुक्त रचना मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड रेणूंसारखी असते, त्यामुळे प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जातात. सशांना ती रचना टोचली तेव्हा तेही लुळे पडले. न्यूझीलंडमध्ये २००६ नंतर कोंबडीच्या मांसातल्या जीवाणूवर कडक नियंत्रण आणल्यावर कॅम्पायलोबॅक्टरचे संसर्ग निम्म्यावर आले आणि गिया-बारेमुळे इस्पितळात दाखल होणारेही सुमारे १३ टक्क्यांनी घटले. जीवाणूने आजार होतो हा एक प्रश्न, आणि अमुक साथीत तो अमुक विहिरीतून आला हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला उसने देता येत नाही.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये निरीक्षणांवरून कारण ठरवताना पाहायच्या नऊ बाजू मांडल्या: संबंधाची ताकद, वेगवेगळ्या ठिकाणी सातत्य, मात्रा वाढली की परिणाम वाढणे, इत्यादी. त्यांतली कालक्रमाची एकच अट अनिवार्य आहे. बाकीच्या बाजू वजन वाढवतात. त्यांना परीक्षेतल्या गुणांसारखे मोजून पास-नापास ठरवू नये.

प्रकल्प लिहिताना

पदवी-पदव्युत्तर प्रकल्पात वेळ आणि पैसा थोडा असतो, म्हणून काही गोष्टी आधीच कागदावर उतरवाव्यात. कोणता परिणाम मोजायचा आणि कशाशी तुलना करायची हे माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून तारीख टाकावी. वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजून प्रत्येकीला ५ टक्क्यांची कसोटी लावली, तर प्रत्यक्षात काहीच संबंध नसतानाही निदान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्यामुळे किती गोष्टी मोजल्या आणि किती चाचण्या लावल्या हे सगळे सांगावे, फक्त जमलेली नाही.

मग उलटा बाण तपासावा. आजारी माणसांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळले, तर त्याच्या कमतरतेने आजार आला की आजाराने माणूस घरात बसला आणि ऊन मिळाले नाही? आजारापूर्वीचा नमुना नसेल तर हे सांगता येत नाही, आणि तसे स्पष्ट लिहावे. आतड्यातल्या जीवाणूंचा आणि एखाद्या रोगाचा संबंध दाखवणाऱ्या बहुतेक अभ्यासांना हाच प्रश्न विचारावा लागतो, कारण आजार, आहार आणि औषधे या तिन्हींमुळे ते जीवाणू बदलतात.

तिसऱ्या घटकासाठी कारणांचे चित्र काढणे उपयोगी पडते: प्रत्येक घटक एका चौकटीत, कशाचा कशावर परिणाम होतो तिथे बाण. दोन्हींकडे बाण जाणारा घटक असेल, जसे जलपर्णी आणि डास यांच्यामागचे सांडपाणी, तर त्याची नोंद घेऊन त्याच्या सारख्या पातळीवर तुलना करावी. साखळीच्या मधला दुवा मात्र सारखा करू नये. वखारी आणि प्लेग यांच्या अभ्यासात उंदरांची संख्या सारखी धरली, तर वखारींचा परिणाम नाहीसा झालेला दिसेल, आणि तो निष्कर्ष चुकीचा असेल.

शेवटी क्रियापदे. निरीक्षणावरच्या अभ्यासात ‘संबंध आढळला’, ‘सोबत दिसले’ असे लिहावे. ‘मुळे’, ‘घडवते’, ‘वाढवते’ ही रूपे हस्तक्षेप करून तपासलेल्या निष्कर्षांसाठी राखावीत. शीर्षक आणि सारांशही याच नियमाने तपासावेत, कारण वर्तमानपत्रात बातमी होते ती बहुधा तेवढ्यावरूनच. निष्कर्षाखाली, कोणता प्रयोग किंवा कोणती तुलना केली असती तर हा निष्कर्ष खोटा ठरला असता, याचे दोन ओळींत वर्णन द्यावे. पुढचा अभ्यास करणाऱ्याला सुरुवात तिथून करता येते.